ठमाआत्याचं हिरवं बटण

माझ्या नवऱ्याचं नाव कमळाकर. आमच्या पिढीच्या बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत, पण मी घेते, कारण नुसतं 'अहो' म्हटलेलं त्या माणसाला ऐकूच येत नाही. 'अहो कमळाकर!' असं खणखणीत ओरडावं लागतं, तेही तीनदा. तोवर ताटातली आमटी थंड झालेली असते. रोह्याला कंपनीत मीटर आणि गेज दुरुस्त करायचं काम ते तीस वर्षं करतायत. हाताला गुण आहे, पण मन म्हणाल तर कायम परगावी. पेणहून गाडीत बसतात, खिडकीतून बघत राहतात, आणि रोह्याच्या आधीचं निडी स्टेशन येतं कधी नि जातं कधी हे त्यांना कळतच नाही. दोनदा तर रोहासुद्धा निघून गेलं आणि हे कोलाडला उतरले. वर घरी येऊन सांगतात काय, तर कोलाडला हवा छान होती.

कंपनीत एका इंजिनिअरने वीसेक वर्षांपूर्वी एक जाडजूड इंग्रजी पुस्तक रद्दीत टाकलं होतं, ते ह्यांनी उचलून आणलं. कॉम्प्युटरचं कर्नेल स्वतः कसं बांधायचं, याचं पुस्तक. शेजारी डिक्शनरी ठेवून चार वर्षं वाचलं. कर्नेल म्हणजे काय हो, असं मी एकदा विचारलं. तर म्हणाले, "यंत्र आणि माणूस यांच्यामध्ये जो बसलेला असतो ना, दिसत नाय पण सगळ्यांचं ऐकतो, तो." मी म्हटलं, मग त्याचं नाव अनिता असेल, म्हणजे मीच. हसले नाहीत. विचारात पडले. खरंच विचारात पडले, काय सांगू तुम्हाला!

मला वाटायचं, हा सगळा रिकामा उद्योग. आपल्या पोटाचा त्याच्याशी काय संबंध? मी पोह्याचे पापड लाटायचे, गच्चीवर वाळत घालायचे, आणि ह्यांनी दुसऱ्या शिफ्टला जायच्या आधी सकाळभर काळ्या पडद्यावरची पांढरी अक्षरं बघत बसायचं. पण ठमाआत्या आजारी पडली आणि माझं ते म्हणणं मला गिळावं लागलं.

ठमाबाई ही आमच्या सासऱ्यांची चुलत बहीण. राहायला पेणच्या पलीकडे खाडीकडच्या गावात. सगळं आयुष्य मिठागरात गेलं, पायांना मिठाने पडलेल्या भेगा अजून आहेत. पण पंचक्रोशीत तिची ओळख म्हणजे धवलारीण. आमच्याकडे लग्नात धवले म्हणतात. हळद दळण्यापासून नवरी उठेपर्यंत एकेका विधीला एकेक गाणं, आणि ते गाणारी बाई ती धवलारीण. ती गाते तसा विधी पुढे सरकतो. भटजी आलेले असले तरी तेसुद्धा तिच्या तोंडाकडे बघत बसतात. आत्याने चाळीस वर्षांत किती मांडव गाऊन उभे केले असतील, देव जाणे. आमची हळदही तिनेच गायली.

दोन वर्षांपूर्वी तिच्या अंगावरून वारा गेला. उजवी बाजू लुळी पडली आणि वाचा गेली. समजतं सगळं, डोळे तर असे बोलतात की समोरच्याने घाबरावं, पण तोंडातून 'हं' पलीकडे काही नाही. डाव्या हाताचं एक बोट तेवढं हुकमात राहिलं. तिची लेक हौसा तिला सांभाळते, आणि हौसाची मुलगी पूजा हिचं लग्न वैशाखात ठरलं. आता पूजाची हळद कोण गाणार? गावात दुसरी धवलारीण उरली नाही. हौसाला विचारलं की तिचं एकच: "मना नाय येत. आयेसारखा आवाज नाय माझा." लहानपणापासून आईच्या मांडीशी बसून सगळे धवले ऐकलेली बाई, पण तोंड उघडायची नाही. आईचं नाव खराब होईल याची धास्ती.

पूजाच्या मामेभावाने सुचवलं, फोनवर लावून टाकू. आत्याने मान फिरवली ती दोन दिवस कुणाकडे बघितलं नाही. मला त्या मुलाला दोन लावाव्याशा वाटल्या. अरे, धवला म्हणजे काय बँडवाल्याचं गाणं आहे, एकदा सुरू झालं की वाजतच राहायला? हळदीची वाटी आली नाही तर धवलारीण थांबते. मामा पोचला नाही तर तीच ओळ घोळवते. फोन कुणासाठी थांबतो?

ह्यांनी ते ऐकलं. पहिल्याच वेळी ऐकलं, बरं का. घरी येताना रिक्षात म्हणाले, "आत्याला थांबता आलं पाहिजे."

आमच्या लग्नात ह्यांनी कुणाचा तरी टेपरेकॉर्डर आणून धवले टेप करून ठेवले होते. आत्या तेव्हा पंचेचाळिशीची, आवाज असा की खाडीपलीकडे जावा. ती कॅसेट ह्यांनी कॉम्प्युटरवर उतरवली आणि एकेका कडव्याचा तुकडा पाडला. मग कंपनीच्या भंगारातून, साहेबांना विचारून, एक मोठं हिरवं बटण आणलं. मशीन चालू करायला असतं तसलं, तळहाताएवढं. माझ्या जुन्या पोळपाटावर ते बसवलं. पोळपाट मला न विचारता घेतला, ते असो. बटण एकदा दाबलं की धवला सुरू, परत दाबलं की थांबला, धरून ठेवलं की पुढचं कडवं. आत्याच्या एका बोटाला जमेल एवढंच.

अडचण कॉम्प्युटरची. मिळाला तो शाळेने मोडीत काढलेला लॅपटॉप. त्याच्या स्वतःच्या बटणांत उंदराने संसार केलेला, म्हणून कीबोर्ड बाहेरून जोडायचा. आवाजाचा भाग गेलेला, म्हणून तोही बाहेरून. आणि हिरवं बटण तर बाहेरचंच. म्हणजे सगळा कारभार यूएसबीच्या भोकांतून. बरं, त्यात जे काही तयार सामान भरलेलं होतं ते त्या म्हाताऱ्या मशीनला उचलेना. बटण दाबलं की आवाज यायला श्वासभर वेळ लागायचा. आत्याला दाखवायला नेलं तर तिने दोनदा दाबलं आणि 'हं!' म्हणून पोळपाट ढकलून दिला. शिवीच ती. श्वासभर उशीर म्हणजे सूर गेला.

मग हे म्हणाले, "याला याच्यापुरतं कर्नेल बांधू. लागेल तेवढंच."

डिसेंबरपासून बसले. कर्नेल बांधायचं म्हणजे आधी त्याला हजारो प्रश्नांची उत्तरं द्यायची. हे यंत्र हवं का, ते हवं का. होय म्हणा, नाय म्हणा, नाहीतर 'वेळ आली की बोलावू' म्हणा. आता इथे एक सांगायला हवं. माझे सासरे बाबाजी हे खाडीच्या बांधावर उघाडी राखायचे. उघाडी म्हणजे बांधातलं दार. भरतीला बंद, ओहोटीला उघडायचं. चुकून उघडं राहिलं तर खारं पाणी आत येऊन भातशेतीचं वाटोळं. सासरे सांगायचे, "जी उघाडी कशाची ते ठाव नाय, ती आधी बंद कर. मग इचार." त्या घरात वाढलेला माणूस. ह्यांनी हजारो दारं बघितली आणि जे ओळखीचं नाही ते धाडधाड बंद करत सुटले. नाय, नाय, नाय, नाय. मी पीठ मळत ऐकायची, कारण प्रत्येक 'नाय' हे तोंडाने म्हणायचे.

यूएसबीच्या पानावर मात्र त्यांनी दोन सकाळी घालवल्या. तिथे तीन वाटा होत्या. एक आत्ताची, वेगवान. एक तिच्या आधीची. आणि एक फार जुनी, पहिल्या पिढीची. "ही कोण वापरतो आता?" असं म्हणून ह्यांनी ती जुनी बंद केली. स्वच्छ, आटोपशीर काम झालं म्हणून चहासुद्धा मागितला.

नंतर बांधणी सुरू झाली. लॅपटॉप म्हातारा, सकाळी लावलं ते दुपार कलली तरी चाललेलं. हे शिफ्टला गेले आणि जाताना मला सांगून गेले, "अनिता, ओळी चालू हायत ना एवढं बघ. थांबल्या तर फोन कर." मी पाट मांडून समोर बसले. एक ओळ वर जाते, खालून दुसरी येते. अक्षरं कळत नव्हती. गच्चीवर पापड वाळत होते, खिडकीतून फेब्रुवारीचं ऊन येत होतं, लाटण्याचा आवाज आणि त्या मशीनच्या पंख्याचा आवाज एकात एक मिसळला. बघता बघता माझं लाटणं थांबलं. मला वाटलं, मी मिठागराच्या बांधावरून चालतेय, दोन्हीकडे पाणी पांढरं होत चाललंय, आणि कुणीतरी लांबून मला हळूहळू काहीतरी सांगतंय. किती वेळ गेला माहीत नाही. शेजारीण आली, तिने तीन हाका मारल्या म्हणे. तेव्हा मला पहिल्यांदा कळलं, आमचे हे कुठल्या गावाला जातात ते. चांगलं गाव आहे हो. उगाच बोलत होते मी इतकी वर्षं.

दुसऱ्या दिवशी मशीन नव्या कर्नेलवर चालू केलं. झपकन सुरू झालं. पडद्यावर आलं, नाव सांगा. ह्यांनी कीबोर्डवर नाव टाकलं. काही उमटलं नाही. परत टाकलं. हिरवं बटण दाबलं. शुकशुकाट. गंमत म्हणजे पेन ड्राइव्ह लावली तर तिचा दिवा छान लुकलुकत होता. म्हणजे दारं उघडी होती, आणि तरी आमची माणसं बाहेरच.

"जुनं कर्नेल लावा की परत," मी म्हटलं.

"काढून टाकलं. जागा खात होतं."

धन्य आहे! घरात शिरायचं कुलूप आतून लावून बाहेर उभा राहणारा माणूस मी कधी पाहिला नव्हता, तोही पाहिला. मी पुष्कळ बोलले, ते इथे सांगत नाही. पण खरं सांगायचं तर मला रडू येत होतं. कंपनीत यंत्रं बंद ठेवून करायची मोठी दुरुस्ती निघाली, ह्यांना डबल शिफ्ट लागली, मार्च-एप्रिल तसाच गेला, मशीन तसंच मुकं. हळद नऊ दिवसांवर आली. आत्याला हौसाने सांगून ठेवलं होतं की कमळाकर आणतोय, आणि म्हातारी रोज सकाळी बोट वाकवून सरळ करून बघत होती. हौसाने मला फोनवर ते सांगितलं.

त्या आठवड्यात एका दुपारी मला ह्यांचा फोन आला. "अनिता, मी निडीला उतरलोय."

"निडीला? तब्येत बरी हाय ना?"

"एक्स्प्रेस गेली इथून. धाडधाड गेली, थांबली नाय."

"मग? ती कधी थांबते निडीला?"

"तेच तर! इथं टोपल्या घेऊन बायका बसल्यात. त्यांना नेणारी फक्त पॅसेंजर. पॅसेंजर बंद केली आणि एक्स्प्रेस दहा सोडल्या, तरी या बायका इथंच बसतील गो."

मला वाटलं, उन्हाने डोकं फिरलं. पण घरी येऊन त्यांनी समजावलं. पेन ड्राइव्ह भरभर बोलते, तिला मधली वाट पुरते. कीबोर्ड, आवाजाची डबी, हिरवं बटण, ही सगळी सावकाश बोलणारी. त्या जुन्या मशीनवर मधली वाट त्यांना घेतच नाही. त्यांच्यासाठी ती पहिल्या पिढीची जुनी वाटच ठेवलेली असते. ज्या उघाडीतून ती आत येणार तीच ह्यांनी कडी घालून बंद केली होती, कशाची ते न विचारता.

मशीनमध्ये शिरायला तर वाव नव्हता. तेव्हा रोह्याला स्टेशनजवळ दत्तात्रेय म्हणून ह्यांचे मित्र कॉम्प्युटर दुरुस्त करतात, त्यांच्याकडे लॅपटॉप नेला. दत्तात्रेयांनी त्याची डिस्क काढून आपल्या मशीनला लावली आणि तिथे बसून हे दोघं परत ती प्रश्नोत्तरं करू लागले. मीही गेले होते, डबा घेऊन. ह्यावेळी हे प्रत्येक दारापाशी थांबत होते. "हे कुणासाठी हाय, दत्ता?" विचारत होते. कुंडलिका नदीवरून वारा येत होता. दत्तात्रेयांचं मशीन तरुण, त्याने जेवण होईपर्यंत बांधून दिलं. डिस्क परत बसवली, कीबोर्ड लावला, आणि पडद्यावर एकेक अक्षर उमटलं. कमळाकर. मग ह्यांनी पोळपाट माझ्यापुढे सरकवला. मी बटणावर हात ठेवला आणि त्याच क्षणी, अगदी त्याच क्षणी, आत्याचा आवाज आला. दुकानात मोबाइल दुरुस्तीला आलेली दोन माणसं उभी राहून ऐकत राहिली.

हळदीच्या दिवशी आत्याला नवं लुगडं नेसवून मांडवात खुर्चीवर बसवलं. मांडीवर पोळपाट, त्यावर हिरवं बटण. पूजा समोर पाटावर. बायका खुसुखुसु हसत होत्या, हे काय नवीन खूळ म्हणून. आत्याने बोट ठेवलं.

आवाज उठला आणि मांडव गप्प झाला. कशी सांगू? जी बाई दोन वर्षं एक शब्द बोलली नव्हती तिचाच आवाज, तिच्याच बोटाखालून. म्हाताऱ्या बायकांनी पदर डोळ्यांना लावले. पाच सवाष्णींना एकेक करून पुढे यायचं होतं, त्यातली एक चप्पल शोधत राहिली, तर आत्याने बोट दाबून धवला थांबवला आणि तिच्याकडे असं बघितलं की ती अनवाणीच धावत आली. मग धवला पुढे. हे खांबाला टेकून उभे होते, डोळे अर्धे मिटलेले. मी मनात म्हटलं, जिंकलंस रे माझ्या राजा.

आणि मग ते कडवं आलं. "पाटाव बैसली कोन गो नवरी?" आवाज मांडवभर पसरला, आणि थांबला.

आत्याचं बोट बटणावर, पण हलत नव्हतं. "हँग झालं," असं पुटपुटत हे पुढे निघाले. मी शर्टाला धरलं. कारण मला आठवलं होतं. ती माझी हळद. त्या प्रश्नाच्या पुढच्या ओळीत नवरीचं नाव येतं, आणि टेपमध्ये ते नाव माझं होतं. ह्यांनी ते कडवं शंभरदा ऐकलं, कापलं, साफ केलं, पण त्या जागी दुसऱ्या कुणाचं नाव यायला हवं हे त्यांच्या ध्यानातच आलं नाही. इतक्या वर्षांत त्यांच्या कानाला तिथे अनिताच. मला राग यायला हवा होता. नाही आला.

"मशीन बंद पडलं नाय," मी हळूच म्हटलं. "आत्याने थांबवलंय. बसा."

आत्या हौसाकडे बघत होती. नुसती बघत होती. पूजा पाटावर, अंगाला अर्धी हळद, आणि प्रश्न तसाच मांडवात. हौसाने मान हलवली, नाय, नाय. आत्याने नजर काढली नाही. थांबून राहिली. आणि मग ती बाई, जी जन्मात कुणापुढे गायली नव्हती, तिच्या तोंडून आलं, फाटलेलं, अर्धं रडं:

"पाटाव बैसली पूजा गो नवरी..."

आत्याने बटण धरून ठेवलं. पुढच्या कडव्याची एक ओळ वाजली आणि आत्याने ती थांबवली. हौसाने ती पुढे नेली. पुन्हा एक ओळ, पुन्हा हौसा. तिसऱ्या वेळी आत्याचं बोट उचललं गेलं, पण बटणावर आलंच नाही. तिने पोळपाट ह्यांच्याकडे सरकवला.

ह्यांनी वाकून विचारलं, "बंद करू, आत्या?"

"हं."

पाच महिन्यांच्या खटपटीची ती वायर ह्यांनी स्वतःच्या हाताने उपटली, गुंडाळली आणि खिशात ठेवली. माझ्या शेजारी येऊन बसले तेव्हा ढसाढसा रडत होते, आणि मीही. माझ्या स्वतःच्या लग्नात मी इतकी रडले नव्हते. समोर हौसा एकामागून एक कडवं म्हणत होती. अडली की आईच्या तोंडाकडे बघत होती. आत्याचे ओठ आवाजाशिवाय हलत होते, आणि हौसाला त्यातला शब्द न् शब्द कळत होता.